कोणीतरी पडलं वाटतं

हिवाळी ऑलिंपिकच्या त्या दिवसांत क्लॉडेट मिशोच्या कानांनी काय काय सोसलं, ते तिचे कानच जाणोत. मेन राज्याच्या पार उत्तर टोकाला, आमच्या बटाट्याच्या मुलखात, हॅमंड फॉल्स नावाचं गाव आहे आणि तिथं चॅनल बाराची एक बुटकी, विटांची इमारत आहे. तिच्या पुढच्या टेबलावर क्लॉडेट अकरा वर्षं बसत होती. कार्यक्रम सगळे न्यूयॉर्कहून यायचे, चॅनल बारा ते फक्त पुढं सोडायचं. पण लोकांना न्यूयॉर्कचा नंबर कुठं ठाऊक? ते आपले क्लॉडेटला फोन लावून भांडायचे.

यंदा तर न्यूयॉर्कवाल्यांनी छापील फॉर्मच पाठवले होते. प्रेक्षकांचं मत. वेळ, गाव, खेळ, समालोचकाचं नाव, मग ‘पसंत’ आणि ‘नापसंत’ अशा दोन चौकटी, खाली तीन ओळी मोकळ्या. फोन ठेवताना काय म्हणायचं तेसुद्धा वर छापून दिलेलं: ‘आपलं मत नोंदवलं आहे, आभारी आहोत.’ मॅनेजर प्रेस्कॉटनं तो गठ्ठा तिच्यापुढं ठेवला आणि स्वतः शनिवार गाठून गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला निघून गेला. वर जाताना म्हणतो कसा, ‘क्लॉडेट, वाद घालू नकोस, फक्त लिहून घे.’ जशी काही ती रोज वादच घालायची!

त्या शनिवारी दुपारी इमारतीत दोघंच होती. पुढं क्लॉडेट आणि मागं यंत्रांच्या खोलीत वेंडल हॅच, साठीचा, तोंडात कायम दातकोरणं, दिवसाला वीस शब्दांच्या वर बोलला तर रात्री ताप येईल अशा बेतानं वागणारा. बाहेर सकाळपासून बर्फ पडत होतं. दोन वाजेपर्यंत क्लॉडेटचे अकरा फॉर्म भरले होते आणि अकराच्या अकरा नापसंत.

‘बाई, ती पोरगी तीन गिरक्या घेऊन उतरली आणि तुमचा तो शहाणा तिच्या झग्यावरच्या मण्यांबद्दल बोलतोय. मणी मोजायला बसलोय का आम्ही?’

‘त्याला म्हणावं, दोन मिनिटं गप्प बस. माझ्या सासूच्या तोंडालासुद्धा मधूनमधून विश्रांती असते.’

आणि रोजचा म्हातारा एमरी होताच. त्याचा फोन आला की क्लॉडेट चष्मा काढून डोळे चोळायची. ‘शर्यत अर्धी दाखवता, मग साबण, मग स्केटिंग, मग परत साबण. माझं अंग काय एवढं मळलंय? लिही, लिही, सगळं लिही.’

ती लिहीत होती. मान खाली, पेन फॉर्मवर. कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीवर बायकांची बर्फावरची लांब स्की-शर्यत चालली होती, पश्चिमेकडच्या डोंगरात, वीस किलोमीटरची. समालोचक काहीतरी ओरडला, मग म्हणाला, ‘कोणीतरी पडलं वाटतं,’ आणि लगेच पुढच्या बाईच्या वेळेबद्दल बोलायला लागला. क्लॉडेटनं मान वर केली तेव्हा साबणाची जाहिरात लागली होती. एमरीला हे आयतंच सापडलं. ‘बघ! बघितलंस? परत साबण!’

त्यानं फोन ठेवला आणि पाच-सात मिनिटांत पुन्हा घंटी वाजली.

‘चॅनल बारा, क्लॉडेट बोलतेय.’

पलीकडे आधी नुसता गलका. खुर्च्या, भांडी, पुष्कळ माणसांची दबकी कुजबुज. मग एका बाईचा आवाज आला, शाळेत शिकलेलं इंग्रजी एकेक शब्द जपून ठेवत.

‘मी सेंट-ओडिलहून बोलतेय. चर्चच्या हॉलमधून. मिसेस पेल्टिए. मला विचारायचंय, ती उठली का?’

‘कोण उठली?’

‘एकेचाळीस नंबर. ती सोनेरी केसांची, पहिली येणारी बाई मागून आली, तेव्हा हिनं बाजूला होऊन तिला वाट दिली आणि वळणावरून खाली गेली. खाली झाडं होती. कॅमेरा त्या बाईबरोबर निघून गेला. तुमचा माणूस म्हणाला, कोणीतरी पडलं वाटतं.’ बाईचा आवाज चढला. ‘कोणीतरी काय? मोनिक आहे ती. माझी मुलगी आहे.’

क्लॉडेटची नजर दाराकडं गेली. मोनिक पेल्टिएला आमच्या मुलखात कोण ओळखत नाही? नदीकाठानं चार मैल स्कीवर शाळेत जाणारी पोर. वर्तमानपत्रातला तिचा फोटो क्लॉडेटनंच कापून दाराच्या काचेवर चिकटवला होता.

‘तिच्या कोचनं काही नंबर दिला असेल ना?’

‘मघापासून तोच लावतेय. एंगेज. नदीपलीकडचं कॅनडाचं चॅनल लावून पाहिलं, तिथं त्यांची हॉकी चाललीय. अख्खं गाव इथं जमलंय बाई. रश्श्याची पातेली चुलीवर आहेत, घावनं होतायत, आणि कोणी खात नाही. माझ्याकडं कोणी बघतसुद्धा नाही.’

क्लॉडेटनं फॉर्म पुढं ओढला. गाव: सेंट-ओडिल. खेळ: स्की. पुढं काय लिहायचं? पसंत की नापसंत? तिनं छापील वाक्य म्हणायला तोंड उघडलं, ‘आपलं मत...’ आणि तिथंच पेन खाली ठेवलं.

‘तुमचं नाव काय म्हणालात?’ बाईनं विचारलं.

‘क्लॉडेट मिशो.’

‘मिशो? कुठल्या मिशोंपैकी?’

झालं! आमच्या खोऱ्यात हा प्रश्न आला की इंग्रजी संपलं. नुसत्या आडनावानं आमच्याकडं कोणाचा पत्ता लागत नाही, बाप आणि आजा सांगावा लागतो. क्लॉडेटच्या तोंडून आपोआप घरची फ्रेंच बोली निघाली. ‘वरच्या अंगाच्या. आल्फेदचा एडी, त्याची मी.’

‘आल्फेदच्या एडीची?’ बाईचा आवाज एकदम बदलला, सैल झाला, ओला झाला. ‘अगं म्हणजे ती सुईण तुझी आजी! तिनं मला या जगात आणलं गं. गुडघाभर बर्फातून चालत आली होती, माझी आई मरेपर्यंत सांगायची. अगं, मी रोझ-आल्मा.’

‘हो का? आजी सांगायची तुमच्याकडचं.’ आजीनं काही सांगितलं नव्हतं, पण असं म्हणायची रीत आहे.

‘मग तू मला खरं सांगशील. तू तिथंच असतेस ना, टीव्हीच्या घरात? तुम्हाला सगळं दिसत असेल, आम्हाला दाखवत नाहीत तेसुद्धा. सांग मला पोरी, ती उठली का?’

आता इथं क्लॉडेटनं म्हणायला हवं होतं की मावशी, मला तुमच्यापेक्षा जास्त काही दिसत नाही. माझ्यासमोर तोच डबा आहे जो तुमच्या हॉलमध्ये आहे. पण आमच्याकडची माणसं अशी नाहीत हो. दारात कोणी काळजीनं उभं राहिलं तर आम्ही त्याला तसंच परत पाठवत नाही. काहीतरी हातावर ठेवतो, भाकरी नाहीतर शब्द. शंभर वर्षं थंडीत राहून लागलेली खोड आहे ती, चांगली की वाईट ते आपलं आपण ठरवावं.

‘उठली हो,’ क्लॉडेट म्हणाली.

‘तू पाहिलंस?’

‘पाहिलं. बर्फ झटकलं आणि निघाली.’

पलीकडे बाईनं श्वास टाकला तो क्लॉडेटला कानात गरम लागल्यासारखा वाटला. मग फोन तसाच हातात धरून रोझ-आल्मा ओरडली, ‘उठली! एडी मिशोच्या पोरीनं पाहिलं!’ आणि हॉलमध्ये असा काही कल्ला उठला की क्लॉडेटनं फोन कानापासून लांब धरला. मग फोन बंद झाला.

तिनं फॉर्मकडं पाहिलं. अर्धा भरलेला. तिनं तो उलटा घातला. काही नाही, असं स्वतःलाच म्हणाली. स्कीवर पडतातच माणसं. पडतात आणि उठतात. पोरगी लहानपणापासून पडत आलीय. पण ‘खाली झाडं होती’ हे शब्द काही डोक्यातून जाईनात. स्प्रूसची झाडं. उतारावरून येणारं माणूस आणि स्प्रूसचा बुंधा. आमच्या मुलखात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

टीव्हीवर स्केटिंग चाललं होतं. ती दोन्ही हातांनी टेबल धरून पाहत बसली, की आता म्हणेल, आता म्हणेल, तो माणूस काहीतरी. तो मण्यांबद्दल बोलला. संगीताबद्दल बोलला. एकेचाळीस नंबरचं नाव नाही. मग शर्यतीचा निकाल पाटीवर आला, पहिल्या दहा जणी, आणि पाटी गेली. क्लॉडेटनं जन्मात पहिल्यांदा टीव्हीला शिवी दिली, आणि तीही आजीच्या बोलीत.

तीनला दहा कमी असताना फोन वाजला. पुन्हा सेंट-ओडिल. या वेळी फादर.

‘मिस मिशो? देव तुमचं भलं करो. ऐका हं, ऐका.’ त्यानं बहुतेक फोन खिडकीशी धरला असावा, कारण दूरवरून घंटा ऐकू आली, चर्चची मोठी घंटा, टोलावर टोल. ‘रोझ-आल्मानं स्वतः दोर ओढलाय. आता सगळे जेवायला बसलेत. मघाशी कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तुमच्याकडं म्हणे लोकांची मतं लिहून घेतात?’

‘हो, फादर.’

‘मग आमचं लिहा. न्यूयॉर्कवाल्यांनी पाठ फिरवली, पण आपल्या चॅनल बारानं नाही. पसंत लिहा. मोठ्या अक्षरांत लिहा.’

सबंध दिवसातला पहिला ‘पसंत’. क्लॉडेटनं खूण केली तेव्हा पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

‘आपलं मत नोंदवलं आहे,’ ती म्हणाली, ‘आभारी आहोत.’ आणि फोन ठेवून तिनं तोंडावर हात दाबला.

अरे देवा. घंटा वाजवली. आणि समजा, फोन लागला त्या कोचचा? समजा, आत्ता, या क्षणी, चमचा तोंडाशी नेताना रोझ-आल्माला कोणी फोनवर बोलावलं आणि सांगितलं की बाई, तुमची मुलगी त्या वळणावरच... हे वाक्य पुढं न्यायची तिच्या मनाचीसुद्धा तयारी होईना. त्या बाईनं मुलगी एकदा गमावली तर गमावली. पण मी तिला दोनदा गमवायला लावणार. आधी घंटा वाजवून, मग.

तिनं न्यूयॉर्कचा नंबर फिरवला, फॉर्मच्या तळाशी बारीक छापलेला. पंधरा मिनिटं वाट पाहिल्यावर एक तरुण मुलगा आला, फार गोड बोलणारा. तिनं त्याला सगळं सांगितलं. एकेचाळीस नंबर, वळण, झाडं, आई. तो ‘हं, हं’ करत होता आणि मागं टाइपरायटर वाजत होता.

‘म्हणजे आपलं म्हणणं, मागं पडलेल्या खेळाडूंना जास्त वेळ दाखवावा?’

‘माझं काही म्हणणं नाही! मला सांगा ती जिवंत आहे का!’

‘समजलं मॅडम,’ तो म्हणाला. ‘आपलं मत नोंदवलं आहे, आभारी आहोत.’

क्लॉडेटनं फोन आपटला आणि ती मागच्या खोलीकडं धावली.

वेंडल दोन मोठ्या टेप यंत्रांच्या मधे स्टुलावर बसला होता. तिचा चेहरा पाहून त्यानं दातकोरणं तोंडातून काढलं. एवढं त्यानं प्रेस्कॉटसाठीसुद्धा कधी केलं नव्हतं. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं, स्वतःच्या थापेसकट. ते सांगताना तिची मान खाली गेली.

‘पाहिलं म्हणालीस?’ वेंडल म्हणाला.

‘म्हणाले.’

‘नसताना.’

‘नसताना. आता तू मला नंतर काय बोलायचं ते बोल, पण आधी सांग, काही करता येतं का?’

वेंडलनं डोकं खाजवलं. इमारतीच्या मागं दोन डिश होत्या. मोठी एकाच जागी बांधलेली, तिच्यावर न्यूयॉर्क यायचं. तिला हात लावला तर सगळ्या परगण्याचं स्केटिंग बंद. धाकटी मात्र फिरवता यायची. ‘डोंगरातनं न्यूयॉर्कला सगळं कच्चं जातं,’ तो म्हणाला. ‘प्रत्येक कॅमेरा. शर्यत संपली की एकेक टेप सोडतात, ज्या देशाला जी हवी ती त्यानं उतरवून घ्यावी. आकाशातून जातं ते. आपण नुसतं बघितलं तर कोण अडवणार? कुठल्या उपग्रहावर, ते मला ठाऊक आहे.’ अकरा वर्षांत तो एका दमात इतका बोलला नव्हता.

‘मग फिरव ना!’

‘पावणेचारला धाकटीवर मला प्रश्नमंजूषा उतरवून घ्यायचीय. सोमवारची. नाही घेतली तर अर्धा तास काय दाखवू?’

‘मला दाखव! मी गाणं म्हणेन! वेंडल, त्या बाईनं घंटा वाजवलीय रे.’

वेंडलनं दातकोरणं खिशात घातलं. मग उठला, भिंतीला टेकवलेली लांब दांड्याची केरसुणी आणि हातोडी तिच्या हातात दिली. ‘डिशमध्ये बर्फ भरलंय. ते काढल्याशिवाय मुंगीसुद्धा दिसणार नाही. मोटरही गोठली असेल, हातोडीनं ठोकावी लागेल. ठोक, पण हळू.’

ऑफिसातल्या सपाट चपलांवर, स्वेटर अंगावर, क्लॉडेट मागच्या दारानं बाहेर पडली. बर्फ पोटऱ्यांपर्यंत होतं. दुसऱ्या पावलाला एक चप्पल आत राहिली, ती तिनं राहू दिली. डिशच्या परातीत हातभर बर्फ साचलेलं, वरून कडक, आतून भुसभुशीत. ती केरसुणी उगारून मारत सुटली. बर्फ तिच्या डोक्यावर, मानेत, स्वेटरच्या आत. ‘उठली म्हणे! बर्फ झटकलं म्हणे!’ ती स्वतःला शिव्या देत होती. ‘तुझ्या जिभेला काय हाड नव्हतं, क्लॉडेट? सांगता आलं नाही, की नाही पाहिलं? दोन शब्द जड झाले तुला?’ मोटरला तिनं हळू ठोकायच्या ऐवजी दाणकन ठोकलं. आतून वेंडलनं बटण दाबलं असावं. मोटर कण्हली, थांबली, पुन्हा कण्हली आणि डिश इंचाइंचानं पश्चिमेकडं वळायला लागली.

ती आत आली तेव्हा दात वाजत होते. वेंडलनं स्वतःचा कोट तिच्या अंगावर टाकला आणि पडद्याकडं बोट दाखवलं. आधी नुसत्या मुंग्या. मग चित्र आलं. समालोचक नाही, पाट्या नाहीत, संगीत नाही. नुसता डोंगरातला वारा. एका ठिकाणी माणसं झेंडे गुंडाळत होती. मग ती पहिली आलेली सोनेरी केसांची बाई, आपल्या भाषेत काहीतरी सांगत हसणारी. मग काळा पडदा. मग शर्यतीची सुरुवात, एकेक बाई निघतेय, आठ, नऊ, दहा.

‘वळण कुठंय? वेंडल, वळण कुठंय?’

‘येईल. नाहीतर नाही येणार.’

पुढं टेबलावर फोन वाजायला लागला. वाजत राहिला. सेंट-ओडिल असेल तर? कोच लागला असेल तर? वेंडल म्हणाला, ‘एमरी असेल.’ तिनं दोन्ही कान झाकले आणि पडदा पाहत राहिली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले आणि गेले. प्रश्नमंजूषा आकाशातून आली तशीच कुठंतरी निघून गेली.

चारला वळण आलं. एकाच जागी रोवलेला कॅमेरा, उतार, जाळी, मागं स्प्रूसची दाट रांग. एक बाई गेली. दुसरी गेली. मग निळ्या कपड्यांतली बारकीशी पोर दिसली, छातीवर एकेचाळीस, आणि तिच्या मागं सोनेरी केस. पोरीनं मागं पाहिलं, शहाण्या पोरीसारखी बाजूला झाली, वाट दिली. बाजूचं बर्फ मऊ होतं. एक स्की रुतली, पोर तिरकी झाली, जाळीखालून घसरत झाडांत गेली आणि फांद्यांवरचं बर्फ धप्पकन तिच्यावर पडलं. सोनेरी केस पुढं निघून गेले. हा कॅमेरा मात्र कुठं गेला नाही. तो तसाच पाहत राहिला.

ती उठली नाही.

एक स्की बर्फातून वर उभी राहिलेली दिसत होती, बाकी काही नाही. वारा. एक बाई गेली, तिनं मान वळवून पाहिलं आणि गेली. आणखी एक गेली. क्लॉडेट उभी होती ती स्टुलावर बसली, बसली ती पुन्हा उठली. ‘कोणीतरी या ना,’ ती पडद्याला म्हणाली. ‘मेल्यांनो, या ना कोणीतरी.’ वेंडलनं घड्याळ लावलं होतं, सहा मिनिटं. मग नारिंगी जाकिटांतली दोन माणसं घसरगाडी ओढत आली, झाडांत शिरली. त्यांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या. फार वेळ. मग त्यांनी गाडी बाहेर काढली. गाडीवर घोंगडी, हनुवटीपासून पायापर्यंत करकचून बांधलेली, आणि तोंडावर वाऱ्यासाठी फडका टाकलेला. चेहरा काही दिसेना. ती माणसं कॅमेऱ्याच्या अगदी पुढून निघाली.

तेव्हा घोंगडीखालून एक हात बाहेर आला. त्यानं गाडीच्या कडेवर दोनदा चापट मारली. माणसं थांबली. हातानं मागं बोट दाखवलं, त्या बर्फात उभ्या राहिलेल्या स्कीकडं. एक जण परत गेला, स्की उपटून घेऊन आला आणि तिच्या अंगावर ठेवली. हातानं ती धरली. मग गाडी गेली, आणि वळण रिकामं राहिलं.

क्लॉडेट पडद्यासमोर ढसाढसा रडत होती. वेंडल म्हणाला, ‘जिवंत आहे.’ आणि मग, ‘आता फोन कर.’

तिला तो न्यूयॉर्कचा फोन परवडला असता, प्रेस्कॉटच्या शिव्या परवडल्या असत्या, पुन्हा एका चपलेनिशी बर्फात जायला ती तयार होती. पण फोन तर तिलाच करायचा होता. हॉलमध्ये कोणीतरी उचलला, मागं हसणं होतं, फिडल वाजत होतं. रोझ-आल्मा आली.

‘एडीची पोर? काय गं, जेवलीस का? इथं असतीस तर...’

‘मावशी, फिडल थांबवायला सांगा.’

पलीकडचं फिडल थांबलं.

‘मी मघाशी पाहिलं नव्हतं,’ क्लॉडेट म्हणाली. ‘मी खोटं बोलले. मला काहीच दिसत नव्हतं. आता पाहिलं, आत्ता. ती उठली नाही, मावशी. तिला घसरगाडीवरून नेलं. चेहरा झाकलेला होता, वाऱ्यासाठी. पण तिनं हात बाहेर काढला. माणसांना थांबवलं आणि मागं राहिलेली स्की मागून घेतली.’

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘कुठला हात?’ रोझ-आल्मानं विचारलं.

क्लॉडेटनं डोळे मिटले. गाडी, घोंगडी, कड. ‘डावा. डावा होता, मावशी.’

‘नक्की? या वेळी नक्की?’

‘नक्की. आमच्या इथल्या वेंडलनंही पाहिलंय.’

‘डावा,’ ती बाई कुणाला तरी म्हणाली, की स्वतःलाच. ‘उजव्यानं लिहावं म्हणून शाळेत दोन वर्षं तो हात बांधून ठेवला होता तिचा. तरी डावाच. आणि स्की मागितली म्हणतेस? बापानं घासून दिलेली आहे ती, टाकून कशी येईल.’ आवाज फुटला आणि लगेच सावरला. ‘पाय मोडला असेल. पाय मोडला तर मोडू दे.’

‘मावशी, मला माफ...’

‘थांब. तुमच्याकडं मतं लिहून घेतात ना?’

‘हो.’

‘मग माझं लिही. लिहितेस का?’

क्लॉडेटनं उलटा घातलेला अर्धा फॉर्म सरळ केला. डोक्यावरचं बर्फ वितळून कागदावर टपटपत होतं. ‘लिहिते.’

‘घंटा मी माझ्या हातानं वाजवली,’ रोझ-आल्मा म्हणाली. ‘गुडघे टेकून आभार मानले. आणि माझी पोर तेव्हा घसरगाडीवर होती. तू म्हणाली असतीस ना, की नाही गं दिसलं मला, तर मी तुझ्याबरोबर फोनवर बसले असते. दोघी बसलो असतो. तुझी आजी अशी बसायची, काही न बोलता. एवढंच लिही. पाहिल्याशिवाय पाहिलं म्हणू नये.’

तिनं फोन ठेवला. रागानं नव्हे, हळूच ठेवला, आणि तेच क्लॉडेटला जास्त लागलं.

तीन ओळींत ते सगळं बसलं. मग ‘नापसंत’च्या चौकटीत तिनं खूण केली. एकच रकाना रिकामा उरला होता. समालोचकाचं नाव. सकाळपासून बाकीच्या फॉर्मांवर तिथं तिनं न्यूयॉर्कच्या त्या मोठमोठ्या माणसांची नावं लिहिली होती. या फॉर्मवर तिनं लिहिलं, क्लॉडेट मिशो, आल्फेदच्या एडीची, आणि तो गठ्ठ्याच्या सगळ्यात वर ठेवला.